माझ्याच हातात तापणारी गाडी

आमच्या घरची मोटरसायकल तापायची ती फक्त माझ्या हातात. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर बसले तर ती तापत नसे. काका बसले तर तापत नसे. गॅरेजवाला तिला नाक्यापर्यंत फिरवून आणायचा तेव्हा तर ती अगदी गरीब गाय असायची. मी बसले, मागे फुलांची पोती बांधली आणि पंचवटीच्या गर्दीत शिरले की हिचं डोकं फिरलंच. अशा वेळी माणसं काय निष्कर्ष काढतात ते सांगायला नको. गाडी तीच, रस्ता तोच, बदलली ती फक्त चालवणारी.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. सायखेड्याकडून नाशिकला येणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. शेत मोठं नव्हतं, पण पाणी होतं, आणि त्यावर आम्ही शेवंती करायचो. दिवाळीनंतर शेवंतीला जोर यायचा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघर लक्ष्मीचा घट मांडला जायचा, त्यामुळे त्या दिवशी नाशिकच्या फुलबाजारात पिवळ्या शेवंतीवर नुसत्या उड्या पडायच्या. फुलं न्यायचं काम आधी अण्णांचं होतं. मग त्यांच्या मणक्यात गॅप निघाली, डॉक्टरांनी रोजची मोटरसायकल बंद करायला सांगितली, आणि आता फुलं नेणार कोण हा प्रश्न उभा राहिला. मी तेव्हा नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एस.टी.ने जायचे. पण आमची एस.टी. स्वतःच्या मर्जीची धनीण होती, सकाळचं प्रॅक्टिकल ती हमखास बुडवायची. मी म्हटलं, फुलं मी नेते आणि तशीच पुढे कॉलेजला जाते. एका फेरीत दोन्ही कामं.

अण्णांनी मला शेताच्या वाटेवर गाडी शिकवली. त्यांना त्यात फार काही वाटलं नाही. वाटलं ते आईला. आमच्याकडच्या मुली मोपेडवर बसत, तिथे पुढे पाय ठेवायला सपाट जागा असते, गुडघ्याला गुडघा लावून बसता येतं. मोटरसायकलवर टाकीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, पंजाबी ड्रेसमध्ये, भर गावातून पोरगी जाणार, हे आईला पचेना. ती बरेच दिवस गप्प होती. आमची आई गप्प बसली की घरातली भांडीसुद्धा हळू वाजतात. शेवटी तिने एक अट घातली. "पडदा लावून जाशील तर जा."

आमच्या भागात थंडी कडाक्याची पडते. त्यामुळे पहाटे बाजाराला जाणारे पुरुष गाडीच्या पुढच्या लेगगार्डला रेक्झिनचे दोन तुकडे बांधायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. नडग्यांना गार वारा लागू नये म्हणून. काकांच्या गाडीलाही तसे तुकडे होते. आईने तीच कल्पना उचलली, पण तिचा पडदा म्हणजे पडदा होता. हँडलच्या खालून सुरू व्हायचा तो थेट पाय ठेवायच्या दांडीपर्यंत, मध्ये जोडलेला, दोन्हीकडून मागे वळवलेला, बटणांनी घट्ट बसवलेला. शिवताना मशीनच्या सुया मोडल्या तरी तिने हार मानली नाही. कडेला लाल पट्टीसुद्धा लावली. कुणी विचारलं तर सांगायची, "गारठ्यानं गुडघे धरत्यात पोरीचे." खरं कारण तिलाही माहीत होतं आणि मलाही. गाडी मिळाली होती, ते मला पुरेसं होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग मार्गशीर्ष लागला, रस्त्यावर गर्दी वाढली, आणि तमाशा सुरू झाला.

निमाणीच्या बसस्टँडपुढे रिक्षा, एस.टी., शेतमालाच्या गाड्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर बसायच्या. चार पावलं पुढे, थांब. पुन्हा चार पावलं, थांब. पंचवटी कारंजापर्यंत येता येता इंजिनाचा आवाज बदलायचा. आतून खडखड ऐकू यायची, गाडीची ओढ जायची, रेस दिली तरी ती नुसती कण्हायची. पायाला धग लागायची. आणि ऐन गर्दीच्या मध्यात बंद. मग कितीही किक मारा, ढिम्म. कडेला ढकलत न्यायची आणि इंजिन निवेपर्यंत उभं राहायचं. निवलं की पहिल्या किकला चालू. असा राग यायचा मला!

उभं राहायलाही हरकत नव्हती, पण रस्त्यातला प्रत्येक माणूस डॉक्टर. "ऑइल संपलं असेल ताई." "पेट्रोलात पाणी आहे." "चोक राहिला का ओढलेला?" एक आजोबा तर रोज भेटायचे. ते गाडीकडे न बघता माझ्याकडे बघूनच निदान करायचे, "बाईमाणसानं मोपेड घ्यावी." मी त्यांना एकदा म्हटलं, आजोबा, तुम्ही चालत जाता ते उत्तम, गुडघे तापत नाहीत ना? त्यानंतर ते समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागले.

फुलबाजारात पोचेपर्यंत उशीर व्हायचा. सकाळची घाईची गिऱ्हाइकं निघून गेलेली असायची, पोत्यातली फुलं दमलेली असायची. एका गुरुवारी तर गाडी दोनदा बंद पडली, एकदा पंचवटी कारंजाला आणि एकदा रविवार कारंजाच्या अलीकडे. त्या दिवशी अर्धी शेवंती तशीच परत आणावी लागली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेवंती परत आणणं म्हणजे आमच्या गावात चेष्टेचा विषय.

संध्याकाळी काका आले. काका आमच्या शेजारीच राहायचे, त्यांची मालवाहू रिक्षा होती, रोज भाजी घेऊन नाशिकला जायची. त्यांनी आधीच ठरवलं होतं की दोष माझ्या डाव्या हातात आहे. "हाफ क्लच," ते म्हणाले. "गर्दीत ही क्लच अर्धा दाबून धरती अन् रेस देती. मंग गाडी तापनार नाय तर काय व्हईल?" मी म्हटलं, मी नाही तसं करत. काका हसले. "नाचता येईना अंगण वाकडं."

अण्णांनी गाडी गॅरेजवाल्याला दाखवली होती. तो चांगला माणूस होता, मन लावून काम करायचा. त्याने ऑइल बदललं, कार्बोरेटर साफ केला, प्लग काढून बघितला. प्लग पांढरा पडला होता, म्हणजे इंजिन खरंच वाजवीपेक्षा जास्त तापत होतं, मी काही बहाणा करत नव्हते. पण त्याने फिरवली की गाडी तापायची नाही. अण्णांनी एकदा पोतं बांधून, गर्दीच्याच वेळी, मुद्दाम पंचवटीपर्यंत नेऊन आणली. गाडी खुशाल परत आली. गॅरेजवाला अगदी अदबीने म्हणाला, "ताई, राग मानू नका, क्लचवरचा हात जरा मोकळा ठेवत जा."

मग निकाल लागला. पुढच्या गुरुवारपासून फुलं काकांच्या रिक्षातून जातील. गाडी घरी राहील. माझ्या कॉलेजचं काय, तर "एस.टी. हाये ना." पण वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं की आणखी प्रॅक्टिकल बुडाली तर परीक्षेला बसता येणार नाही. हे मी घरी सांगितलं. अण्णा खाली मान घालून बसले. काका म्हणाले, "मंग पुढच्या वर्षी बस." पुढच्या वर्षी कोण बसवणार होतं? घरात स्थळांची बोलणी सुरू झालीच होती. पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही, हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं. मला झोंबलं ते हे की मला दोषी ठरवताना कुणाचा आवाजसुद्धा चढला नाही.

हातात गुरुवारपर्यंतचे दिवस होते. खरं सांगायचं तर मलाही माझ्या हाताबद्दल शंका यायला लागली होती. इतकी माणसं सांगतात म्हणजे असेल काहीतरी. म्हणून शुक्रवारी मी एक केलं. गर्दी लागली की गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन चालूच. क्लचला हातच लावायचा नाही. पुढे सरकायचं असेल तर पायाने ढकलायची. मागच्या रिक्षावाल्यांनी माझा उद्धार केला. तरीही पंचवटी कारंजाला खडखड सुरू झाली ती झालीच.

तिथे कडेला उभी असताना मला एकदम हलकं वाटलं. गाडी बंद पडलेली, फुलं सुकतायत, आणि मी आतल्या आत खूश. क्लच दाबलाच नाही तर क्लचने तापेल कशी? म्हणजे हात सुटला. चोर दुसराच होता, आणि इतके दिवस संन्याशाला सुळी देणं चाललं होतं. पण संन्यासी सुटला म्हणून चोर सापडतो असं नाही. अण्णांच्या हातात ती का तापत नाही, हा प्रश्न होताच.

सोमवारी अण्णांना पाठीच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मी म्हटलं, आज तुम्ही चालवा, मी मागे बसते, फुलंही घेऊन जाऊ. ते हसले. "माझी परीक्षा घेती का?" म्हटलं, हो. मला त्यांचा डावा हात बघायचा होता. एका पोत्यावर रेलून मी सगळा रस्ता त्यांच्या मुठीवर नजर ठेवली. निमाणीची गर्दी लागली आणि मला खुदकन हसू आलं. आमचे अण्णा बिनधास्त हाफ क्लचवर गाडी चालवत होते. अर्धा दाबलेला क्लच आणि वर रेस, काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच, माझ्या दुप्पट. गाडीला त्याचं काही नव्हतं. शांतपणे पुढे सरकत होती.

पंचवटी कारंजाच्या अलीकडे आम्ही बराच वेळ अडकलो. माझे गुडघे काकडले होते, ते चोळत होते. आणि चोळता चोळता मनात आलं, रोज तर मी पुढे बसते, वारा सगळा पुढच्याला लागतो, तरी माझे गुडघे कधी असे गारठत नाहीत. आज मागे बसून कसे गारठले?

मी वाकून पुढे बघितलं. लेगगार्डच्या नुसत्या नळ्या दिसत होत्या.

"अण्णा, पडदा कुठंय?"

"तुझ्या आईनं काढला सकाळी. माझ्या पायात येतो तो. मी बसलो का ती काढतीच." मग हसून म्हणाले, "मला कशाला लागतोय पडदा?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अण्णा बसले की पडदा नाही. काकांची गाडी नादुरुस्त असली की ते आमची उसनी नेत, तेव्हा पडदा नाही. गॅरेजवाल्याला तर हात घालायलाच अडचण, तो पहिलं काम पडदा काढून बाकावर ठेवायचं करायचा, आणि गाडी फिरवून आणल्यावर पुन्हा बटणं लावून द्यायचा. फक्त माझ्यासाठी पडदा. या गाडीचं इंजिन वाऱ्यावरच निवतं. त्याच्यावर कंगव्यासारखे पातळ पंख असतात ते त्यासाठीच. आईच्या पडद्याआड ते गावापासूनच तापत यायचं. मोकळ्या रस्त्याला कसंबसं निभायचं, आणि गर्दीत होता नव्हता तो वारा थांबला की मान टाकायचं. मी बी.एस्सी.ला उष्णतेचं वहन पाठ करत होते आणि रोज त्याच पडद्यामागे बसत होते. मी अण्णांच्या पाठीमागे मोठमोठ्याने हसायला लागले. अण्णा घाबरले, मला वाटतं.

पण नुसतं वाटून उपयोग नव्हता. मंगळवारी सकाळी गाव मागे पडल्यावर मी थांबले, पडदा काढला आणि पिशवीत कोंबला. त्या दिवशी निमाणीला, कारंजाला, पुलावर, सगळीकडे भरपूर अडकले. गाडी एकदाही कुरकुरली नाही. दुपारी परत येताना पडदा लावला आणि मुद्दाम त्याच गर्दीत घुसले. भर दुपारी खडखड सुरू झाली आणि गाडी बंद पडली. तिला विनाकारण छळल्याचं वाईट वाटलं, पण मला पुरावा हवा होता. रस्त्याच्या कडेला बंद गाडीपाशी हसत उभ्या असलेल्या मुलीला पाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

घरी जाताना मात्र हसू मावळलं. कारण सापडलं होतं, पण ते सांगायचं कुणाला? पडद्याशिवाय गाडी नाही, ही आईची अट. आणि पडद्यासकट गाडी चालत नाही. मी सांगितलं आणि ती म्हणाली की मग जाऊच नकोस, तर काकांना निकाल द्यायचीही गरज राहणार नव्हती. चोरून काढायचा आणि चोरून लावायचा, हेही मनात येऊन गेलं. सोपं होतं ते. पण रोज गावाबाहेर थांबून बटणं सोडणारी मुलगी एक ना एक दिवस कुणाला तरी दिसणार, आणि मग आईला ते दुसऱ्याच्या तोंडून कळणार. ते मला नको होतं.

बुधवारी दुपारी फुलं तोडून झाली. आई ओसरीवर बसून शेवंती निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. शुक्रवारचं, सोमवारचं, मंगळवारचं. ती ऐकत होती, हात चालू होते.

"म्हंजी पडद्यानं तापू राहिली गाडी."

"हो."

"बारका करून दिला तर? तुझ्या काकाच्या गाडीला हाय तसा?"

"चालेल. पण मग तुला जे झाकायचंय ते झाकलं जाणार नाही." हे मी पहिल्यांदाच उघड बोलले.

आईचे हात थांबले. "मला लय हौस हाय का झाकायची? लोकं बोलत्यात. ते तुला नाय ऐकू येत. तू गाडी घेऊन जाती निघून. तू गेल्यावर बोलत्यात, माझ्या म्होरं."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं की पाहणाऱ्यांच्या नजरा मी एकटी झेलते. मी तर दहा मिनिटांत गावाबाहेर असायचे. पाण्यावर, दळणाला, मयतीला, बारशाला त्या बायकांमध्ये बसायचं होतं ते आईला. मला तिची कीव आली, आणि त्याच वेळी रागही आला. मी म्हटलं, "काय बोलतात?"

"काहीबाही. जाऊ दे." तिने फुलं बाजूला सारली. अंगणातल्या गाडीकडे बघितलं. "पडद्याबिगर गेली तर पडायबिडायची नाय ना तू?"

"नाही."

"अन् परीक्षेला बसू देतील?"

"वेळेवर पोचले तर बसू देतील."

ती उठली. अंगणात गेली, गाडीपाशी उकिडवी बसली आणि एकेक बटण सोडायला लागली. मी मदतीला गेले तर तिने हातानेच मला बाजूला केलं. शिवला तिने होता, काढणारही तीच. रेक्झिन सुटून खाली आलं, तशी इंजिनाची काळी पडलेली बाजू उन्हात उघडी झाली. आईने तिथे पदराने धूळ पुसली.

तेवढ्यात काका पोती न्यायला आले. सकाळची घाई नको म्हणून ते रिक्षा आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचे. त्यांनी ओसरीवरच्या फुलांकडे पाहिलं, मग गाडीपाशी बसलेल्या आईकडे. "वहिनी, भरू ना पोती?"

"ऱ्हाऊ द्या भावजी," आई उठत म्हणाली. "उद्या पोरगी नेईल."

काकांनी पडदा जमिनीवर पडलेला पाहिला, उघडी गाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आता आई इंजिनाचं कारण सांगेल, पडद्याचं सांगेल, मी बरोबर होते असं सांगेल. तिने तसलं काही सांगितलं नाही.

"अन् गाडी तापली मंग?" काकांनी विचारलं.

"तापली तर थांबंल रस्त्याला," आई म्हणाली. "निवली का निघंल. पन नेईल तीच."